ओळखीची सही

बँकेत खातं उघडायचं तर फॉर्मवर ओळख देणाऱ्याची सही लागते. ज्याचं आधीपासून खातं आहे अशा कुणीतरी लिहून द्यायचं, की या गृहस्थांना मी चांगला ओळखतो. आमच्या कॉलनीत हे काम कुणीही करायचं. किराणावाला करायचा, वायरमन करायचा, एकदा तर आदल्या आठवड्यात राहायला आलेल्या भाडेकरूने घरमालकालाच ओळख दिली होती. फक्त बाविस्कर नानांच्या दाराशी कुणी फॉर्म घेऊन जायचं नाही. नाना बँकेत अधिकारी होते, अमळनेर, धुळे करत शेवटी जळगावातून निवृत्त झाले होते. त्यांची सही कुठल्याही बँकेत डोळे झाकून चालली असती. पण ती मिळत नसे.

त्यांचा सख्खा धाकटा भाऊ एकदा फॉर्म घेऊन आला. नानांनी चष्मा लावून फॉर्म उलटसुलट वाचला आणि परत केला.

"लहानपणी मी तुला ओळखत होतो," नाना म्हणाले. "पण मधे तू सोनगीरला होतास. तिथे तू काय करत होतास ते मला माहीत नाही."

"नाना, हायवेवर टायरचं दुकान होतं ना माझं! टायर विकत होतो."

"असं तू म्हणतोस."

भाऊ उठला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची सही घेऊन खातं उघडून आला. इस्त्रीवाल्याने त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. नानांना हे कळलं तेव्हा त्यांना भावाचा राग आला नाही, इस्त्रीवाल्याचा आला. त्या दिवसापासून ते स्वतःचे कपडे घरीच इस्त्री करू लागले.

"ओळखतो म्हणजे किती ओळखतो?" हे नानांचं पालुपद होतं. कुणी म्हटलं, "तो अमका माझ्या ओळखीचा आहे," की नाना लगेच विचारायचे. त्यांचा नियम सहा महिन्यांचा होता. सहा महिने माणूस समोर दिसला पाहिजे, बोलला पाहिजे, मधे खंड पडता कामा नये. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून.

त्यांची हयात सह्या तपासण्यात गेली होती. धुळ्याच्या शाखेत असताना दोंडाईच्याच्या एका बड्या व्यापाऱ्याची सही जुळेना. व्यापारी समोर उभा, मॅनेजर त्याला ओळखतो, शिपाई ओळखतो, रांगेतली माणसं त्याला रामराम करताहेत. नाना म्हणाले, "आपण आहात याबद्दल माझी तक्रार नाही. सही आपली नाही." मग त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, कोरा कागद दिला आणि सही जुळेपर्यंत गिरवायला बसवलं. व्यापारी दुपारपर्यंत गिरवत होता. पुढे तो म्हणायचा, शाळेत मास्तरांनी सुधारलं नाही ते माझं अक्षर बाविस्कर साहेबांनी सुधारलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि मीही नेत आलो. पण याच नियमापायी नानांची मुलगी त्यांच्याशी बोलत नव्हती, हेही सांगायला हवं.

कुंदा कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होती. हुशार. नोकरीला बंगळूरला गेली आणि तिथल्याच वेंकटेश नावाच्या मुलाशी तिचं जमलं. लग्न नोंदणी पद्धतीने जळगावातच करायचं ठरलं. घरात आदळआपट वगैरे काही झाली नाही. नाना स्वतः दुकानात जाऊन पेढे घेऊन आले, कोट घालून नोंदणी कार्यालयात वेळेआधी येऊन बसले. मी हार घेऊन गेलो होतो. तीन साक्षीदार लागतात, त्यातले दोन झाले, तिसऱ्या जागी नानांनी सही करायची होती. कुंदाची तशी इच्छा होती. नानांनी पेन उघडलं, वर लिहिलेला मजकूर वाचला आणि पेन बंद केलं.

"मुलीला मी ओळखतो," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "मुलाला पाहून मला एक महिना झाला. आणखी पाच महिन्यांनी या म्हणावं, मी सही करतो."

आम्हाला वाटलं गंमत करताहेत. नाना गंमत करत नव्हते. अधिकारी म्हणाला, अहो, बाप आहात ना? नाना म्हणाले, मुलीचा. कुंदाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. वेंकटेशला मी दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा बघितलं होतं. मी सही केली. नानांनी पेढे सगळ्यांना वाटले, वेंकटेशला दोन दिले.

गाव म्हणालं, मुलगा कानडी, परजातीचा, म्हणून बापाने सही नाकारली. नानांनी हे कधी खोडून काढलं नाही. आणि कुंदाचंही बहुतेक तेच मत झालं, कारण ती गेली ती पुन्हा त्यांच्याशी बोलली नाही. आईशी, म्हणजे माईंशी, बोलायची. दर रविवारी दुपारी माई कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायच्या. नाना बरोबर असायचे, पण बाहेर. माईंची पिशवी धरून, काचेकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहायचे. माई बाहेर आल्या की एकच प्रश्न, "आवाज कसा होता?" काय बोलली हे ते विचारायचे नाहीत.

"हाऊ मानूस सहीना मांगे आंडेरले गमाडी बैठना," म्हणजे हा माणूस सहीपायी मुलीला गमावून बसला, असं माई मला अहिराणीत म्हणायच्या, आणि नानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. माई अमळनेरकडच्या खेड्यातल्या. त्यांनी बँकेची भाषा कधी उचलली नाही.

सहा-सात वर्षं अशीच गेली. तोपर्यंत मी जळगावात बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढला होता. खालून कीटकनाशकांचा वास यायचा, वर पंखा लागला की फ्लॉप्या उडायच्या. त्यात मी इंटरनेट घेतलं. परगावचा नंबर फिरवायचा, मोडेमने किंचाळायचं, लाइन लागली तर लागली. कुंदाला पत्ता कळवला आणि तिची पहिली मेल आईच्या नावाने माझ्याकडे आली. मी ती छापून माईंना नेऊन दिली. माईंना वाचता येत होतं, पण चष्मा सापडेना, म्हणून कागद नानांच्या हातात गेला. सगळा वाचून झाल्यावर त्यांनी तो पालथा करून पाठीमागेही बघितलं.

"सही नाही," ते म्हणाले.

"नाना, मेलवर सही नसते."

"मग हे कुंदाने लिहिलं कशावरून? खाली 'तुझी कुंदा' असं टाईप केलंय. तसं मीही करू शकतो. तूही करू शकतोस. तुला तर ते यंत्रही येतं."

ही गोष्ट मी कुंदाला गंमत म्हणून लिहिली. तिने तिकडून काही उत्तर दिलं नाही, पण तिची पुढची मेल आली तिच्या शेवटी चार-पाच ओळींची नुसती खिचडी होती. अक्षरं, आकडे, अधिक, बरोबर, तिरप्या रेघा. मी मजकूर छापला, खिचडी गाळली. ती पुन्हा आली. मग कुंदाने मला लिहिलं, 'खालच्या ओळी गाळू नकोस. ती माझी सही आहे. नानांना म्हणावं, तपासा.'

मी नानांना हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि माझ्याबरोबर क्लासमध्ये आले.

ती खिचडी पीजीपी नावाच्या प्रोग्रामने केलेली सही होती, पण त्या वेळी मला पीजीपी म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून एका जुन्या मशीनवर मी लिनक्स चढवलं होतं, त्यात 'मट' नावाचा टपालाचा प्रोग्राम होता. चित्रं नाहीत, माऊस नाही, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. विद्यार्थी त्या मशीनवर बसायला तयार नसायचे. नानांना ते फार आवडलं. "इथे लक्ष दुसरीकडे जात नाही," ते म्हणाले. सूचनांची पानं मी इंग्रजीतून छापून दिली, ती त्यांनी बँकेचं परिपत्रक वाचावं तशी तांबड्या पेन्सिलीने वाचली, आणि दोन दिवसांनी मलाच समजावलं.

प्रत्येकाच्या दोन किल्ल्या. एक आपल्याजवळ झाकून ठेवायची, तिने सही करायची. दुसरी सगळ्या जगाला वाटायची, तिने लोकांनी आपली सही तपासायची. कुणाला गुपचूप काही लिहायचं असेल तर त्याने वाटलेल्या किल्लीने मजकुराला कुलूप घालायचं, ते त्याच्या झाकलेल्या किल्लीशिवाय उघडत नाही.

"म्हणजे वाटायची ती नमुन्याची सही," नाना म्हणाले. "आपल्याकडे कार्डावर घेतात तशी. कुंदाची ही किल्ली कुठून आली?"

"तिने मेलनेच पाठवली."

"म्हणजे ज्याने चिठ्ठी आणली, नमुनाही त्यानेच आणला. असं कुठे असतं का?"

ही शंका बरोबर होती, हे मला पुढे कळलं. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही तीच शंका होती.

मग नानांनी स्वतःची किल्ली करायला घेतली. त्यासाठी प्रोग्राम सांगतो, की वाटेल तशी बटणं दाबत राहा, जितकी वेडीवाकडी तितकी बरी. नानांनी एकच बटण एका ठेक्यात दाबायला सुरुवात केली, बँकेत शिक्के मारतात तसं. यंत्र ते मोजायलाच तयार होईना. मी म्हटलं, "नाना, जरा अस्ताव्यस्त." ते म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी केली, अस्ताव्यस्त जमत नाही." शेवटी माई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांना खुर्चीवर बसवलं. माईंनी पापडाचं पीठ तिंबतात तसा दोन्ही हातांनी कीबोर्ड तिंबला, आणि यंत्र म्हणालं, पुरे, आभारी आहे.

"माले ते येस," माई म्हणाल्या. "याले काबरं येत नही?"

झाकलेल्या किल्लीला परवलीचं वाक्य लागतं. नानांनी ते इतकं लांब ठेवलं होतं की टाईप करताना मधेच चुकायचं, आणि पडद्यावर काही दिसत नसल्याने पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्या वेळी ते कीबोर्डवर पंचा टाकायचे आणि पंचाखाली हात घालून एका बोटाने टाईप करायचे. मला माझ्याच क्लासमधून गॅलरीत जावं लागायचं. जिन्यावर पुढच्या बॅचची मुलं ताटकळत बसलेली असायची आणि आतून टक, टक, मोठा खंड, टक, मग "हत्!" असं ऐकू यायचं.

वाटायची किल्ली मात्र त्यांनी खरोखरच वाटली. कॉलनीच्या फळ्यावर, पाणी कधी येणार त्या कागदाशेजारी, त्यांनी आपली किल्ली छापून लावली. खाली लिहिलं, 'सर्वांच्या माहितीसाठी.' लोकांना वाटलं सट्ट्याचे आकडे आहेत. पानवाल्याने त्यातले शोधून दोन लावले आणि योगायोगाने ते लागले. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच नानांच्या दारात, "नाना, आजचं कवा लावणार?" नानांनी त्याला आत बसवून पीजीपी समजावून सांगितलं. पानवाला पुन्हा आला नाही, पण फळ्यासमोर काही दिवस गर्दी असायची.

पुढची अडचण अशी झाली, की नानांनी 'मट'मध्ये दोन सूचना लिहून ठेवल्या. जाणाऱ्या प्रत्येक मेलवर सही झालीच पाहिजे, आणि प्रत्येक मेलला कुलूप लागलंच पाहिजे. आता कुलूप लावायचं तर समोरच्याची किल्ली हवी. अख्ख्या जळगावात मेल असलेली माणसं मोजकी, किल्ली असलेला कुणीच नाही. म्हणून मला किल्ली करावी लागली. मग दुपारी ते एका मशीनवर, मी शेजारच्या मशीनवर, आणि त्यांची कुलूपबंद मेल एसटीडीने परगावी जाऊन परत माझ्याकडे यायची. मी परवलीचा शब्द घालून ती उघडायचो. आत लिहिलेलं असायचं, 'चहा घेणार का?' मी सही करून, कुलूप लावून 'हो' पाठवायचो. ते आधी सही तपासायचे, मग चहा सांगायचे. एकदा लाइन गेली तेव्हा चहा चुकला.

माझ्या किल्लीची खात्री करताना त्यांनी माझं रेशनकार्ड आणि दहावीचं सर्टिफिकेट मागितलं. मी चड्डीत होतो तेव्हापासून ते मला बघत होते. "तुला ओळखतो," ते म्हणाले, "किल्लीला ओळखत नाही." प्रत्येक किल्लीचा एक ठसा असतो, आकड्या-अक्षरांच्या जोड्यांची एक ओळ. ती मी मोठ्याने वाचायची आणि त्यांनी आपल्या कागदाशी ताडून बघायची. जुळली. मग यंत्राने विचारलं, ही किल्ली याच माणसाची आहे असं तुम्ही स्वतःच्या प्रत्यक्ष माहितीवरून गांभीर्याने प्रमाणित करायला तयार आहात का? नानांनी हे वाक्य दोनदा वाचलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "हे लिहिणारा माणूस नक्की बँकेत होता."

त्यांनी 'हो' दिलं. मला उगीचच बरं वाटलं. पण यंत्राचा आणखी एक प्रश्न होता. हा माणूस इतरांची ओळख द्यायला लागला, तर त्याच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवाल का? एक म्हणजे माहीत नाही. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे बहुतेक वेळा. चार म्हणजे नेहमी.

नानांनी दोन दाबला.

"नाना!"

"तू खरा आहेस. पण तुला माणसांची पारख नाही. त्या दिवशी तू कुणासाठी सही केलीस? दहा मिनिटांच्या ओळखीवर."

त्या दिवसाचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला होता.

आता सगळं तयार होतं. कुंदाची मेल दर आठवड्याला येत होती, आईच्या नावाने, खाली सही करून. नाना सही तपासायचे. यंत्र सांगायचं, सही बरोबर आहे, परंतु ही किल्ली त्याच व्यक्तीची आहे याची खात्री देता येत नाही. नाना हे वाक्य मोठ्याने वाचायचे आणि मग मजकूर छापून माईंकडे न्यायचे. एकदा त्यांनी स्वतःच कुंदाला काहीतरी लिहिलं. मी गॅलरीत होतो. आत आलो तेव्हा पडद्यावर यंत्राचा प्रश्न होता. खात्री नाही, तरी ही किल्ली वापरायची? नानांनी 'नाही' दाबलं. मजकूर तिथेच राहिला. पुढच्या रविवारी त्यांनी तोच मजकूर उघडला, पाठवायला घेतला, प्रश्न आला, पुन्हा 'नाही'. असं ते दर रविवारी करू लागले.

मला बघवेना. मी म्हटलं, "नाना, 'हो'चा वाय दाबा ना. जातंय पत्र."

"असा वाय दाबणारे मी बँकेत फार पाहिलेत."

"मग तिला फोन करून ठसा विचारा. माझा विचारलात तसा."

हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी छापून दिलेल्या सूचनांत त्या ओळीखाली तांबडी रेघ होती. ठसा प्रत्यक्ष भेटीत घ्यावा, किंवा फोनवर घ्यावा, आवाज ओळखत असाल तर. त्यांच्या नियमाने त्यांना एकच वाट ठेवली होती आणि ती एसटीडी बूथच्या आतून जात होती. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. बापाने मुलीला फोन करायला इतकं काय?

मग एका मेलबरोबर दुसरी एक किल्ली आली, वेंकटेशची. नानांनी ती यंत्राला दाखवली. यंत्राने सांगितलं, या किल्लीला एका व्यक्तीने ओळख दिली आहे. खाली कुंदाचं नाव.

"हिने ओळख दिली," नाना म्हणाले.

"सहा महिने झाले असतील आता," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "सात वर्षं," ते म्हणाले. "खंड न पडता." आणि उठून गेले. मोडेम चालूच राहिलं होतं.

त्या रविवारी दुपारी त्यांनी मला बूथवर बोलावलं. कोट घातला होता. जळगावच्या उन्हाळ्यात कोट. हातात कुंदाच्या किल्लीचा ठसा छापलेला कागद आणि तांबडी पेन्सिल. माई आधी बोलल्या, नेहमीसारख्या, लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल. मग नानांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि आत गेले. बूथ एवढासा, माईंना बाहेर येता येईना, दोघं आतच अडकून उभे राहिले. दार अर्धं उघडं राहिलं होतं.

"बाविस्कर बोलतोय," नाना म्हणाले. "ठसा वाचा. सावकाश. दोन-दोन अक्षरं."

मग कुंदाने वाचायला सुरुवात केली असावी, कारण नानांची पेन्सिल हलू लागली. प्रत्येक जोडीला ते 'हं' म्हणायचे आणि खूण करायचे. निम्म्यावर पेन्सिल थांबली.

"ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "रडू नका. रडलं की आकडे कळत नाहीत."

माईंनी पदर तोंडाला लावला. मी रस्त्याकडे तोंड केलं. नानांनी शेवटच्या जोडीला खूण केली.

"जुळलं," ते म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नाना म्हणाले, "आवाज ओळखला नसता तर पुढची जोडी विचारली असती का?"

त्यांनी रिसीव्हर माईंना दिला आणि बाहेर आले. चेहऱ्यावर घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी कोट काढला नाही. तसेच माझ्याबरोबर क्लासमध्ये आले, जिना चढले, मशीनसमोर बसले. कुंदाची किल्ली काढली. गांभीर्याने प्रमाणित करता का? करतो. पंचा टाकून परवलीचं वाक्य घातलं, पहिल्याच खेपेला बरोबर आलं. या वेळी त्यांनी मला गॅलरीत जायला सांगितलं नाही, बहुधा विसरले.

मग दुसरा प्रश्न आला. ही व्यक्ती इतरांची ओळख द्यायला लागली, तर तिच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवाल का?

नानांचं बोट कीबोर्डवर थोडा वेळ तरंगलं. मला वाटलं तीन दाबतील. बहुतेक वेळा. नानांसाठी तेसुद्धा फार झालं असतं. त्यांनी चार दाबला.

मग त्यांनी तो जुना मजकूर उघडला. वर कुंदाचा पत्ता होता, त्याच्यापुढे त्यांनी वेंकटेशचाही घातला आणि यंत्राला पाठव म्हणाले. मी प्रश्नाची वाट बघत होतो. कुंदासाठी तो येणार नव्हता, हे उघड होतं. पण वेंकटेशच्या किल्लीवर नानांची सही नव्हती. त्याच्यासाठी यंत्र विचारणार होतं, खात्री नाही, तरी वापरायची? यंत्राने विचारलं नाही. मोडेम किंचाळलं, लाइन लागली, मेल गेली.

"विचारलं नाही," मी म्हटलं.

"कशाला विचारेल? ओळख तिने दिलीय." नाना अजून पडद्याकडेच बघत होते. "तिच्यावर नेहमी विश्वास ठेवायचा असं आपण लिहून दिलंय ना. मग ज्याची ओळख ती देईल तो आपला झाला. मला वेगळी सही करायची गरज नाही."

त्या मेलमध्ये काय होतं मला माहीत नाही. माझ्या मशीनवरून गेली, आजही तिथे असेल, पण कुलूप त्या दोघांच्या किल्ल्यांचं, ती मला उघडता येणार नाही. पुढच्या महिन्यात कुंदा आणि वेंकटेश जळगावला आले, माईंनी लोणच्याची बरणी दिली, एवढं मी बघितलं.

त्या दुपारी नाना उठले, पंचा घडी करून खांद्यावर टाकला आणि जिन्याकडे गेले. दोन पायऱ्या उतरून थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू त्या दिवशी सही केलीस ना कचेरीत. नियमात बसत नव्हतं."

"हो नाना."

"पण केलीस ते बरं केलंस. नाहीतर पोरीचं लग्न अडलं असतं माझ्यापायी."

खाली दुकानात कुणीतरी औषधाचा खोका आपटला. नानांनी कठडा धरला आणि आणखी एक पायरी उतरले.

"आकडा मात्र तुझा दोनच राहील," ते म्हणाले, आणि खाली गेले.